आभाळाचा सातबारा कुणाच्या नावावर?

पुणे विमानतळावर एखादं फ्लाइट लेट झालं की रांगेत एक तरी जाणकार भेटतोच. "एअरफोर्सचं फ्लाइंग चालू असणार, दुसरं काय!" असं म्हणून तो मान हलवतो. लगेच मागचा कुणीतरी सुनावतो, "अहो, मग त्यांनी उडायचं कुठं? तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरून?" झालं! देशभक्ती विरुद्ध ऑफिसची मीटिंग असा सामना सुरू होतो आणि बोर्डिंगची घोषणा होईपर्यंत रंगतो.

मला विचाराल तर दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण वाद चुकीच्या प्रश्नावर चाललाय. आभाळ लष्कराचं की नागरिकांचं, हा खरा प्रश्न नाहीच. आभाळाचा कुठला तुकडा, किती वाजता, कुणाचा, आणि ते बाकीच्यांना किती आधी कळतं, हा खरा प्रश्न आहे. जमिनीच्या भाषेत बोलायचं तर भांडण मालकीचं नसून वहिवाटीचं आहे. आपण मात्र सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढलंय यावरच डोकं फोडून घेतोय.

आधी थोडी माहिती. १६ मे २०२० रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं होतं, की भारताच्या एकूण हवाई क्षेत्रापैकी फक्त ६० टक्के भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो. उरलेल्या भागावरची बंधनं सैल केली तर विमान वाहतूक क्षेत्राचे वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये वाचतील, असाही अंदाज त्यांनी सांगितला. लॉकडाऊनच्या गडबडीत ही बातमी कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. पण मुद्दा मोठा होता. उरलेलं ४० टक्के आभाळ कायमचं कुलूपबंद आहे असा याचा अर्थ नाही. तिथून जायचं तर परवानगी लागते, वेळ पाळावी लागते, नाहीतर सरळ वळसा घालावा लागतो.

विमानांच्या नकाशावर अशा जागा तीन अक्षरांनी दाखवतात. पी म्हणजे प्रोहिबिटेड, इथं जायचंच नाही. आर म्हणजे रिस्ट्रिक्टेड, अटी पाळून जायचं. डी म्हणजे डेंजर, ठरावीक वेळी इथं धोका असतो. लढाऊ विमानांचा सराव हे एक कारण. तोफांचा सराव हे दुसरं, कारण तोफेचा गोळाही हवेतूनच जातो. आपल्या महाराष्ट्रातच बघा ना: देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, अहिल्यानगरजवळ के. के. रेंज आहे, लोहगावला सुखोई आहेत. शेजारी गोव्यात दाबोळीला नौदलाचं आयएनएस हंसा आहे. या सगळ्यांना आभाळ लागतंच.

आता "एवढं कशाला लागतं?" असं विचारणाऱ्यांसाठी आपलं फर्स्ट इयरचं फिजिक्स पुरेसं आहे. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. या वेगाने जाणारं विमान ६० अंशांत कललं आणि उंची न सोडता वळू लागलं, तर व्ही स्क्वेअर भागिले जी टॅन थीटा या सूत्राने वळणाची त्रिज्या येते जवळजवळ ३.७ किलोमीटर. म्हणजे एक साधी गिरकी पूर्ण करायला साडेसात किलोमीटर रुंदीची जागा. लढाईत विमानं याहून कितीतरी करकचून वळतात ही गोष्ट खरी, पण आजची हवाई लढाई गिरक्यांची राहिलेलीच नाही. शत्रू डोळ्यांना दिसायच्या आधीच रडारवर पाहून क्षेपणास्त्र सोडायचं असतं. त्याचा सराव करायचा तर दोन तुकड्या शंभर किलोमीटरवरून एकमेकींच्या दिशेने निघणार. दोघींचा वेग मिळून सेकंदाला अर्धा किलोमीटर. शंभर किलोमीटर २०० सेकंदांत संपले! आपला मॅगीचा कप व्हायच्या आत. त्यात लढाऊ विमानाच्या टाकीत इंधन मोजकं. सरावाची जागा तळापासून फार लांब दिली तर निम्मं इंधन जाण्यायेण्यातच संपणार. तेव्हा "पाठवा त्यांना लांब कुठंतरी" हे बोलायला सोपं आहे, पण तसं केलं तर पायलटला प्रत्यक्ष सरावाला मिळणारी मिनिटं कमी होतात. आणि ती कमी झाल्याचा हिशोब युद्धातच चुकता होतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ए-३२० सारखं विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळतं, म्हणजे मिनिटाला चाळीस किलो. उदाहरणापुरतं धरू, की एखाद्या राखीव क्षेत्रामुळे रोज शंभर विमानांना दहा मिनिटांचा वळसा पडतो. रोजचं ४० टन इंधन गेलं. वर्षाला १४,६०० टन. किलोमागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर सुमारे ४६ हजार टन धूर. वळशाची किंमत किती मोठी होऊ शकते याचा अनुभव आपण २०१९ मध्ये घेतला. कारण वेगळं होतं. बालाकोटनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत आपलं आभाळ बंद ठेवलं होतं. पण वळसा तो वळसाच. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं.

पैशांचं एक वेळ बाजूला ठेवू. आभाळाची वाटणी चुकली तर माणसं मरतात. यासाठी मला दोन अपघातांबद्दल लिहायचंय. दोन्ही जुने आहेत, पण दोन्हींतून निघणारे धडे एकमेकांच्या उलट आहेत आणि म्हणूनच ते एकत्र वाचायला हवेत.

पहिला जपानमधला. ३० जुलै १९७१. ऑल निप्पॉन एअरवेजचं बोईंग ७२७ चितोसेहून टोकियोकडे निघालं होतं. त्याच वेळी शिझुकुइशी गावावरच्या आकाशात जपानी हवाई दलाची दोन एफ-८६ विमानं सराव करत होती, एकात प्रशिक्षक आणि दुसऱ्यात शिकाऊ पायलट. शिकाऊ पायलटचं विमान बोईंगवर आदळलं. तो पॅराशूटने वाचला. बोईंगमधले सगळेच्या सगळे १६२ जण गेले. सराव आणि प्रवासी वाहतूक एकाच आभाळात, मध्ये नीट भिंत नाही, त्याचा हा परिणाम. त्यानंतर जपानने सरावाची क्षेत्रं आणि नागरी मार्ग काटेकोरपणे वेगळे केले. धडा साधा: शिकाऊ पायलट आणि प्रवासी विमान एका वेळी एका ठिकाणी नकोत. राखीव जागा हव्यातच.

दुसरा अपघात आपला. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोईंग ७४७ वर चढत होतं आणि कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ दिल्लीला उतरायला येत होतं. दोन्ही समोरासमोर धडकली. ३४९ जण गेले. दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळून झालेला जगातला सर्वांत भीषण अपघात. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने चौकशी केली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं, हे मुख्य कारण ठरलं. यात लष्कराचा काही दोष नव्हता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. दिल्लीभोवतालचं बरंचसं आभाळ हवाई दलाच्या ताब्यात असल्यामुळे नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी मिळून एकच अरुंद मार्ग होता. येणारं आणि जाणारं विमान एकाच रेषेवर, मध्ये फक्त हजार फुटांचा फरक. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंची ट्रॅफिक एकाच लेनमध्ये, फक्त वरखाली. अशा रचनेत एका माणसाची चूक पोटात घालायला जागाच उरत नाही. अपघातानंतर दिल्लीत येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि विमानात टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. मार्ग वेगळे करणं शक्य होतं, हे ३४९ माणसं गेल्यावर दिसलं. माझ्या डोक्यातून हे वाक्य जात नाही.

तर शिझुकुइशी सांगतं, भिंत घाला. चरखी दादरी सांगतं, भिंती घालताना उरलेली गल्ली किती अरुंद होतेय तेही बघा. या दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर भिंत हलती हवी. गरज असेल तेव्हा उभी, गरज संपली की बाजूला.

यालाच जगात फ्लेक्सिबल यूज ऑफ एअरस्पेस म्हणतात. युरोपने ही पद्धत १९९६ पासूनच सुरू केली. कल्पना अशी, की आभाळाचे कायमचे नागरी आणि लष्करी असे दोन भाग पाडायचेच नाहीत. सगळं मिळून एक सामाईक खातं. लष्कराला सरावाला जागा हवी, त्यांनी तेवढ्या वेळापुरती राखून घ्यायची. वेळ संपली की जागा परत. त्या जागेतून जाणारे सशर्त मार्ग आधीच आखून ठेवायचे आणि जागा मोकळी असेल तेव्हा ते नागरी विमानांना उघडायचे. भारतानेही हे तत्त्व मान्य केलेलं आहे आणि २०२० ची घोषणा याच दिशेची होती. म्हणजे तत्त्वाबद्दल भांडण नाही. घोडं पेंड खातं ते अंमलबजावणीत.

होस्टेलवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. सकाळी बाथरूमसमोर बादली लावून परत झोपायला जाणारा एक महाभाग प्रत्येक विंगमध्ये असतो. बादली साडेसहापासून लागलेली, साहेब उगवणार साडेसातला, आणि मधला तासभर बाथरूम रिकामं असूनही कुणाला जाता येत नाही. त्याला आंघोळ करू नको असं कुणीच म्हणत नाही. तक्रार बादलीबद्दल आहे. राखीव हवाई क्षेत्राचंही असंच होऊ शकतं. ढग आले, विमानात बिघाड निघाला, सराव रद्द झाला. पण आभाळात बादली तशीच लागलेली, आणि प्रवासी विमानं आपली वळसा घालताहेत.

इथं एक तांत्रिक गोम आहे, जी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत सहसा येत नाही. समजा सराव रद्द झाला आणि कंट्रोलरने विमानाला हवेतच सांगितलं, "जा सरळ, रस्ता मोकळा आहे." फायदा झाला, पण अर्धाच. कारण विमान निघण्याच्या काही तास आधी फ्लाइट प्लॅन बनतो, आणि त्यात लांबचा रस्ता धरून इंधन भरलेलं असतं. ते जादा इंधन पोटात घेऊनच विमान निघालंय. आणि जादा नेलेल्या इंधनापैकी दर तासाला साधारण तीन-चार टक्के नुसतं ते वाहून नेण्यातच जळतं. ओझं वाहायला लागणारं बळ ओझ्यातूनच! पूर्ण फायदा हवा असेल तर रस्ता मोकळा असणार हे आदल्या दिवशी कळायला हवं. म्हणूनच युरोपात आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाचा हवाई क्षेत्र वापराचा आराखडा जाहीर होतो, आणि बदल झाला की सुधारित आराखडा निघतो. आमच्या टाइमटेबलसारखंच, फक्त तिथं ते पाळतात!

माझं म्हणणं तीन मुद्द्यांत सांगतो. एक, सरावाची जागा कमी करू नका, पण ती पूर्ण दिवसाऐवजी तासांत आणि उंचीच्या थरांत राखा. खाली १५,००० फुटांपर्यंत सराव असेल तर ३५,००० फुटांवरून जाणाऱ्या विमानाला अडवायचं कारण नाही. दोन, आदल्या संध्याकाळी आराखडा आणि सराव रद्द झाला तर तत्काळ जागा परत, हा नियम असू दे, मेहरबानी नको. त्यासाठी लष्करी आणि नागरी कंट्रोलर एका खोलीत, एकाच पडद्यासमोर बसले पाहिजेत. तीन, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा: वर्षातून एकदा, राखून ठेवलेले तास किती आणि प्रत्यक्ष वापरलेले तास किती, ही दोन बेरजेची आकडेवारी जाहीर व्हावी. कुठल्या दिवशी कुठलं विमान उडालं हे कुणी विचारत नाहीये. फक्त दोन बेरजा. त्या जवळपास सारख्या आल्या तर विमानतळावरच्या त्या जाणकाराचं तोंड आपोआप बंद होईल. तफावत मोठी आली तर सुधारायला जागा आहे हे सगळ्यांनाच कळेल.

यावर पहिला आक्षेप गुप्ततेचा येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरावाचं वेळापत्रक जाहीर केलं तर शत्रूला आयतं मिळणार, असं आमच्याच मेसच्या टेबलावर मला ऐकवण्यात आलं. पण क्षेत्र केव्हा बंद आहे हे नोटॅमद्वारे वैमानिकांना आजही कळवावं लागतंच, नाहीतर शिझुकुइशी व्हायला वेळ लागणार नाही. आत काय चाललंय ते गुप्त राहतंच. दार बंद आहे एवढंच बाहेर कळतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एकदा दिलेलं परत मिळत नाही. आज सवलत म्हणून उघडलेला मार्ग उद्या विमान कंपन्यांचा हक्क होतो, आणि मग लष्करालाच परवानगी मागत फिरावं लागतं. ही भीती मला पूर्ण पटते. म्हणून लवचिकता दोन्हीकडून हवी. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात आले होते. विमानं रद्द झाली, लोकांचे हाल झाले, पण कुणी कुरकुर केली नाही, कारण कारण समोर दिसत होतं. गरज पडली की आभाळ तासाभरात लष्कराकडे परत गेलं पाहिजे, हे करारातच लिहिलेलं हवं. परत घेण्याची खात्री असेल तरच द्यायला हात मोकळा होतो.

सरावाचं क्षेत्र वाढवायचं असेल तेव्हा काय करावं, याचंही एक उदाहरण डोळ्यासमोर आहे. अमेरिकन हवाई दलाला बी-१ बॉम्बरच्या सरावासाठी पावडर रिव्हर हे क्षेत्र वाढवायचं होतं. साउथ डकोटा, नॉर्थ डकोटा, मोंटाना आणि वायोमिंग या राज्यांवर पसरलेलं सुमारे ३५,००० चौरस मैल आभाळ, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण तीस टक्के. छोट्या विमानतळांनी, छोटी विमानं चालवणाऱ्यांनी, गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी जोरदार हरकती घेतल्या. पर्यावरणाचा अहवाल झाला, सुनावण्या झाल्या, वर्षानुवर्षं घोळ चालला. शेवटी २०१५ मध्ये मंजुरी मिळाली, पण अटींसह. मोठे एकत्रित सराव वर्षाकाठी दहा दिवसांपुरतेच. हवाई दलाला जागा मिळाली. लोकांचं सगळं ऐकलं गेलं असं नाही, पण विचारलं तरी गेलं. लोकशाहीत एवढं सोपस्कार म्हणून का होईना, व्हायला हवं असं मला वाटतं.

आपल्याकडे मात्र अशा प्रश्नावरचं लाडकं उत्तर ठरलेलं असतं: दुसरा विमानतळ बांधा. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या सरावामुळे आठवड्याचे पाच दिवस सकाळच्या वेळेत नागरी उड्डाणांवर मर्यादा असायची. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाला आणि ताण बराच हलका झाला. पुण्यातही पुरंदरचं घोडं अनेक वर्षं पुढे ढकलणं चालू आहे. विमानतळ जरूर बांधा. लोहगावची धावपट्टी मुळात १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी झाली, तिथं आपण प्रवासी म्हणजे पाहुणेच. पण नवीन विमानतळाने धावपट्टीचा प्रश्न सुटतो, आभाळाचा नाही. लोहगाव ते पुरंदर सरळ रेषेत जेमतेम तीसेक किलोमीटर. गाडीला घाट चढावा लागेल, सुखोईला दोन मिनिटं लागतील. खाली धावपट्ट्या दोन झाल्या तरी वरचं आभाळ एकच राहणार. वेळापत्रकाचं भांडण इथं मिटलं नाही तर तिथंही तेच वाद ऐकू येतील, फक्त पार्किंग जास्त मोठं असेल.

जाता जाता कॉम्प्युटर, आयटी आणि मेकॅनिकलच्या फायनल इयरवाल्यांसाठी एक प्रस्ताव. दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमचेच प्रोजेक्ट करून आपण सरांना छळतो. त्याऐवजी हा प्रश्न घ्या. फ्लाइट ट्रॅकिंगचा डेटा उघड्यावर उपलब्ध आहे. एक काल्पनिक सराव क्षेत्र घ्या, ते दिवसभर बंद ठेवलं तर किती इंधन जातं, तासांत वाटलं तर किती, आदल्या दिवशी सांगितलं तर किती आणि ऐन वेळी सांगितलं तर किती, याचं सिम्युलेशन करा. शेड्युलिंग आहे, ऑप्टिमायझेशन आहे, एरोडायनॅमिक्सही आहे. आणि पुढच्या वेळी रांगेतला तो जाणकार "एअरफोर्समुळे लेट" म्हणाला, की त्याला विचारायला तुमच्याकडे एक नेमका प्रश्न असेल: "काका, त्या वेळी जागा वापरात होती की नुसती बादली लागलेली होती?" याचं उत्तर आज ना त्याच्याकडे आहे, ना आपल्याकडे. ते जाहीर व्हावं, एवढीच माझी मागणी आहे.